चिंगी चिचुंद्री आणि डेअरीतला जुना कॉम्प्युटर

गावच्या दूध डेअरीत राहायची एक चिचुंद्री. तिचं नाव चिंगी.
नाक लांब, पाय छोटे. चालायची तुरुतुरु. बोलायची चूं चूं.

डेअरीत होता एक जुना कॉम्प्युटर. दिवसभर करायचा घूं घूं. त्याची पाठ असायची गरम गरम. चिंगी रोज त्याच्या पाठीमागे झोपायची.

एकदा चिंगी खाऊ शोधायला गेली. परत आली, तर कॉम्प्युटर जागेवर नाही! तिथे होता एक नवा, चपटा, गार गार. जुना बाहेर ओट्यावर. एकटाच.

चिंगी धावली डेअरीच्या यशवंतकाकांकडे. काका म्हणाले, तो जुना झाला, पण चांगला चालतो. टाकायला जीव होत नाही. पण ठेवायचा कुठे?

"संध्याकाळी भंगारचा टेंपो येईल," काका म्हणाले. "त्याआधी याला कुणी घर दिलं, तर मी आनंदाने देईन."

चिंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

गेली शाळेत. शाळेच्या गोदाबाई फळा पुसत होत्या.
"बाई, बाई, घर द्या. घर मिळेल कॉम्प्युटरला."
बाईंना कॉम्प्युटर हवाच होता. मुलं कधीची मागत होती. पण ठेवणार कशावर? शाळेत टेबल नव्हतं. बाई म्हणाल्या, सुतारकाका टेबल करतील, तर मी घर देईन.

चिंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

गेली सुतारकाकांकडे.
"काका, काका, टेबल करा.
टेबल मिळेल शाळेला,
घर मिळेल कॉम्प्युटरला."
काकांनी फळी घेतली. करवत चालवली. खस्स... खस्स... फळी कापेचना. करवतीची धार गेली होती. काका म्हणाले, हुसेनचाचा धार लावतील, तर मी टेबल करीन.

चिंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

गेली धारवाल्या हुसेनचाचांकडे.
"चाचा, चाचा, धार लावा.
धार मिळेल करवतीला,
टेबल मिळेल शाळेला,
घर मिळेल कॉम्प्युटरला."
चाचा बसले होते हातावर हात ठेवून. त्यांच्या चाकाचा पट्टा तुटला होता. पट्ट्याशिवाय चाक फिरणार कसं? चाचा म्हणाले, कौसामावशी पट्टा शिवेल, तर मी धार लावीन.

चिंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

गेली चपला शिवणाऱ्या कौसामावशीकडे.
"मावशी, मावशी, पट्टा शिव.
पट्टा मिळेल चाकाला,
धार मिळेल करवतीला,
टेबल मिळेल शाळेला,
घर मिळेल कॉम्प्युटरला."
मावशीने दोरा ओढून दाखवला. टुक्क! तुटला. दोऱ्याला मेण लावलं, की तो घट्ट होतो. पण मावशीकडचं मेण संपलं होतं. मावशी म्हणाली, मधमाश्या मेण देतील, तर मी पट्टा शिवीन.

चिंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

गेली चिंचेखाली. वर मधमाश्यांचं पोळं.
"माश्यांनो, माश्यांनो, मेण द्या.
मेण मिळेल दोऱ्याला,
पट्टा मिळेल चाकाला,
धार मिळेल करवतीला,
टेबल मिळेल शाळेला,
घर मिळेल कॉम्प्युटरला."
गुं गुं गुं! माश्या होत्या उपाशी. मध खाल्ल्याशिवाय मेण होत नाही. माश्या म्हणाल्या, सूर्यफूल मध देईल, तर आम्ही मेण देऊ.

चिंगी दमली होती. तरी निघाली. तुरुतुरु... तुरुतुरु...

गेली सूर्यफुलाकडे.
"फुला, फुला, मध दे.
मध मिळेल माश्यांना,
मेण मिळेल दोऱ्याला,
पट्टा मिळेल चाकाला,
धार मिळेल करवतीला,
टेबल मिळेल शाळेला,
घर मिळेल कॉम्प्युटरला."
सूर्यफुलाची मान खाली. पानं सुकलेली. ते हळूच म्हणालं, मला तहान लागली आहे. पाट पाणी देईल, तर मी मध देईन.

चिंगी गेली पाटाकडे.
"पाटा, पाटा, पाणी दे.
पाणी मिळेल फुलाला,
मध मिळेल माश्यांना,
मेण मिळेल दोऱ्याला,
पट्टा मिळेल चाकाला,
धार मिळेल करवतीला,
टेबल मिळेल शाळेला,
घर मिळेल कॉम्प्युटरला."
पाट म्हणाला, द्यायचं आहे गं. पण माझ्या तोंडाशी पाला अडकलाय. तो कोण काढणार?

चिंगीने इकडे पाहिलं. कुणी नाही. तिकडे पाहिलं. कुणी नाही. ऊन उतरायला लागलं होतं. टेंपो निघाला असेल का?

मग ती म्हणाली, "मी काढते."

एवढीशी चिंगी. केवढा पाला! एक पान ओढलं, सर्र. दुसरं ओढलं, सर्र. तिसरं ओढताना चिंगी पडली चिखलात. पचाक! उठली. नाक पुसलं. पुन्हा ओढलं. सर्र, सर्र, सर्र...

आणि पाणी सुटलं. खळखळ, खळखळ!

पाणी मिळालं फुलाला. त्याने मान वर केली.
मध मिळाला माश्यांना. गुं गुं गुं!
मेण मिळालं दोऱ्याला. दोरा झाला घट्ट.
पट्टा मिळाला चाकाला. गर गर गर!
धार मिळाली करवतीला. खर्र खर्र!
टेबल मिळालं शाळेला. चार पायांचं, मजबूत.

चिंगी पळत सुटली डेअरीकडे. तुरुतुरुतुरुतुरु!

पों पों! टेंपो आला होता. टेंपोवाल्या दादाने कॉम्प्युटर उचललाही होता.
चिंगी चढली ओट्यावर. उभी राहिली दादासमोर. अंगभर चिखल.
"थांब दादा," ती म्हणाली. "याला घर मिळालंय."
दादाने यशवंतकाकांकडे पाहिलं. काका हसले. दादाही हसला. तो म्हणाला, मग मीच पोचवतो शाळेत.

कॉम्प्युटर बसला टेंपोत, गादीवर. शेजारी बसली चिंगी. पों पों, पों पों, आली शाळा.

बाईंनी बटण दाबलं. सगळे वाकून बघू लागले.
घूं... घूं... घूं... लागला!

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मंजुळा नावाच्या छोट्या मुलीने एक बोट पुढे केलं. टिक. पडद्यावर उमटला 'म'. मंजुळा बघतच राहिली. मग सगळ्यांनी रांग लावली. टिक, टिक, टिक!

बाईंनी चिंगीला न्हाऊ घातलं. कॉम्प्युटरच्या मागे मऊ फडकं अंथरलं. म्हणाल्या, "ही जागा तुझी. इथे दुसरं कुणी बसणार नाही."
चिंगी फडक्यावर गोल झाली. कॉम्प्युटरची पाठ लागली गरम गरम. डोळे मिटले.

मुलं म्हणाली, शू... हळू टिकटिक करा.

गोष्ट राहिली शाळेत, आता आपण जाऊ कुशीत.