कुजलेल्या फळ्यांचं पेव

लोक धान्य जमिनीखालच्या पेवात साठवून ठेवत, त्या जुन्या काळातली ही गोष्ट.

एका गावात सारजा नावाची विणकरीण मुलीसोबत राहत होती. घर तिचं नव्हतं, देवशेट नावाच्या व्यापाऱ्याचं होतं. दूरच्या मुलखात जाताना त्याने माळ्याला कुलूप घातलं, किल्ली बरोबर घेतली आणि "बाकीचं घर तुझ्या हवाली," असं सांगून तो निघून गेला.

अंगणात एक रिकामं पेव होतं. त्याच्या तोंडावरच्या फळ्या कुजल्या होत्या. मुलीला सारजाने बजावलं होतं, "तिकडे पाय टाकू नकोस." पण शेजाऱ्यांनी फळ्या बदलायला सांगितलं की ती म्हणे, "पेव मालकाचं. मी कशाला बघू?"

एकदा तिने रखमाजी कुंभाराकडून रांजण मागवला. तो डोक्यावर घेऊन रखमाजी अंगणात शिरला, तोच फळी मोडली आणि तो रांजणासकट पेवात कोसळला. जीव वाचला, पण पाय मोडला. त्याचं चाक थांबलं. घरात खाणारी तोंडं बरीच, कमावणारा तो एकटाच.

पंच बसले. सारजा म्हणाली, "देवशेटना निरोप धाडा. मी तर दुसऱ्याच्या घरात राहणारी बाई."

नागोआबा सगळ्यांत वडील पंच. त्यांनी शांतपणे विचारलं, "सारजे, अंगणाचं फाटक कोण उघडतं?"

"मीच."

"आत कुणाला घ्यायचं, ते कोण ठरवतं?"

"मीच की."

"फळ्या कुजल्यात हे तुला ठाऊक होतं?"

"होतं. पोरीला सांगितलंही होतं."

"आणि रखमाजीला?"

"त्याला नाही सांगितलं," सारजा पुटपुटली.

"माळ्याची किल्ली देवशेटकडे आहे," आबा म्हणाले. "तिथलं काही पडलं तर त्याला जाब विचारू. अंगण मात्र तुझ्या ताब्यात आहे, तिथला जाब तुझा. रखमाजी उभा राहीपर्यंत त्याच्या घरचं धान्य तू पुरव."

सारजा धुसफुसतच घरी आली. पण पेवाच्या काठाशी उभं राहून तिने आत डोकावलं. आपल्या लेकराला आपण जपलं, दुसऱ्या घरच्या कर्त्याला मात्र आपणच बोलावून खड्ड्यात घातलं, हे तिला कळून चुकलं.

ती धान्य घेऊन कुंभारवाड्यात गेली. रखमाजीची बायको आधी तिच्याशी बोलेना. ती हातानेच पणत्या घडवत होती; सारजा तिच्यासाठी माती मळायला बसली. ते काही पंचांनी सांगितलं नव्हतं. ती रोज जात राहिली, तेव्हा एके दिवशी त्या बाईने तिच्यापुढे भाकरी ठेवली.

पेव सारजाने शेजाऱ्यांच्या मदतीने दगडमातीने बुजवलं. ते पाहून गावातल्या कितीतरी जणांनी आपापल्या ढिल्या पायऱ्या आणि उघड्या विहिरी नीट केल्या. पुढे रखमाजी काठी टेकत चालू लागला, मग चाकावरही बसला.

जागेचा मालक कुणीही असो, ती ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच तिथे पाऊल टाकणाऱ्याची काळजी घ्यावी.