दुप्पट वजनाचा लंबक

माझं शिक्षण सुटलं ते देवस्थळी सरांमुळे. बारावीच्या तोंडी परीक्षेत त्यांनी विचारलं, “लंबकाचं वजन दुप्पट केलं तर झोक्याचा वेळ किती?”

“तेवढाच, सर. दोन सारखे लंबक शेजारी सोडले तर बरोबरच झुलतात. झुलता झुलता ते एकमेकांना चिकटवले, तर वजन दुप्पट झालं. वेळ कशाला बदलेल?”

“सूत्र मांड. शिपायाच्या पोरानं अक्कल पाजळू नये.”

तो शिपाई, माझे बाबा, दारातच उभे होते.

“सर, झोपाळ्यावर तुम्ही बसा नाहीतर माझे बाबा बसू देत, झोक्याला वेळ तेवढाच लागतो. लंबक माणूस बघत नाही.”

परीक्षेसाठी थांबलेली पोरं हसली. सरांनी शून्य दिलं. बाबांनी सगळ्यांदेखत त्यांचे पाय धरले, तेव्हा मी ओरडलो, “लाज वाटते मला तुमची!”

मी कॉलेज सोडलं. बाबा शेवटपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.