पाच पंच आणि एक हौद

"पाचही मतं एकाच जागेला पडली पाहिजेत! स्वतःच्या दाराला कोणी मत द्यायचं नाही, आणि गप्पही बसायचं नाही! उद्या सकाळपर्यंत जमलं नाही, तर सगळं पाणी माझ्या बागेत!"

वज्रसेन राजा उगाच तापला नव्हता. डोंगरावरचं पाणी नगरात आणलं होतं. हौद कुठे बांधायचा, ते पाच पंचांनी मत देऊन ठरवायचं होतं. आधी प्रत्येकाने आपल्याच दाराला मत दिलं. राजा ओरडला, तेव्हा पंचांनी गुपचूप अदलाबदल केली. त्र्यंबकशेटांचं मत देसायांच्या दाराला, देसायांचं वैद्यबुवांच्या... फिरून फिरून प्रत्येक दाराला एकच मत!

आता चावडीत पाचही जण घाम पुसत बसले.

"माझ्या दाराला द्या सगळ्यांनी," देसाई म्हणाले.

"आणि तुम्ही कुठे देणार? स्वतःला?" त्र्यंबकशेट खेकसले.

टोपल्या विकायला आलेली बुरुडाची सून गोजरा खुदकन हसली.

"हसतेस काय गं?"

"शेटजी, अख्ख्या नगरात पाचच दारं आहेत होय? तुमच्यापैकी कुणाचं घर नाही, सोयरा नाही, अशी एकही आळी नाही?"

"आहे की, तुमची बुरूडआळी! तिकडे आम्ही कशाला फिरकतोय?"

"मग तिथेच द्या मत! तुमचा स्वार्थ आहे असं म्हणायची कुणाची छाती आहे?"

'निदान देसायाच्या दारात तरी होणार नाही,' त्र्यंबकशेटांच्या मनात आलं. देसायांच्याही मनात त्र्यंबकशेटांबद्दल नेमकं हेच आलं. पाचही हात वर!

निकाल ऐकून राजा चकित झाला. ही अक्कल कुणाची, ते कळल्यावर त्याने गोजराला बोलावलं.

"राहतेस कुठे?"

"बुरूडआळीत, महाराज."

"म्हणजे स्वार्थ तुझाच!"

"सगळाच माझा! नदीवरून पाणी वाहून आमच्या बायकांच्या माना मोडल्या. पण मी मत कुठे दिलं? दिलं ते या पाचांनी, आणि त्यांचा यात काडीचा फायदा नाही! बघा की त्यांची तोंडं!"

पंचांची तोंडं खरोखरच बघण्यासारखी झाली होती. राजाला हसू आवरेना.

"शाबास! आजपासून तू सहावी पंच!"

गोजराने घाईघाईने हात जोडले. "नको महाराज, आज नको! आज पंच झाले, तर तुमच्याच नियमाने माझ्या आळीला मत द्यायची मला चोरी. आधी हौद होऊ द्या, मग पंच करा!"

राजा पोट धरून हसला. त्याने तिला भरजरी लुगडं दिलं आणि कारभाऱ्याकडे वळून म्हणाला,

"आत्ताच्या आत्ता गवंडी पाठवा बुरूडआळीत! हिला पंच करायची मला घाई आहे!"