टिटवीचे ठिपके

जिथे झाडं गुडघ्याएवढी आणि आभाळ मात्र ऐसपैस, अशा एका कातळाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ माळावर, सुरंगी नावाची चिमुरडी राहायची. आईबाप नव्हते. थोरली बहीण शेवंताताई केरसुण्या बांधून दोघींचं पोट भरायची. पण लाकडाचा भारा उतरवताना ताई घसरून पडली आणि अंथरुणालाच खिळली. आता सुरंगी लोकांची भांडी घासायची, पाणी भरायची. ताई समोरच्या कोऱ्या मातीच्या भिंतीकडे बघत पडून असायची.

"सुरंगे, ओढा आता कसा दिसतो गं?" ती विचारायची. सुरंगीला काही केल्या नीट सांगता यायचं नाही.

एका सकाळी कातळाच्या चिरेत एक इवलंसं जांभळं फूल मान टाकून बसलेलं तिला दिसलं. तिने कळशीतलं पाणी ओंजळीओंजळीने त्याला पाजलं. तोच पाकळ्या थरथरल्या आणि आतून बोटभर उंचीची परी बाहेर आली! अंगात मोरपिशी झगा, पंखांवर दवाचे लुकलुकते मणी.

"मी रेखापरी. काय हवं तुला, सोनुली?"

"मला नको काही. माझ्या ताईला हा सडा बघायचाय."

परीने गवताच्या तुऱ्याचा एक रुपेरी कुंचला तिच्या हाती दिला. "ज्या नक्षीवर हा फिरवशील, ती तुमच्या भिंतीवर उतरेल. पण जमिनीवरून ती जाईल हं! म्हणून जो तिथे राहतो त्याला आधी विचार. त्याने 'ने' म्हटलं तरच ने. भिंत धुतलीस, तर सगळं जागच्या जागी परत जाईल आणि कुंचलाही संपेल."

सुरंगी ओढ्याकडे धावली. "ओढेदादा, वाळूवरच्या वळ्या नेऊ?"

"ने गं पोरी, संध्याकाळपर्यंत नव्या पाडीन," ओढा खळखळला.

मग तिने कातळाला त्याच्या अंगावरची दगडफुलाची पोपटी, राखाडी वर्तुळं मागितली. "ने. पुन्हा उगवतील. मला कुठे घाई आहे?" कातळ म्हणाला.

भिंतीवर ना ओढा होता, ना कातळ. नुसत्या रेघा आणि वर्तुळं. तरी ताई कितीतरी दिवसांनी हसली. "यात पाणी नाही, पण वाहतंय बघ! आणखी आण ना, सुरंगे!"

सुरंगी आनंदाने कळशी घेऊन पुन्हा सड्यावर पळाली. तिथे तांबूस, करड्या, काळ्या खड्यांची सुरेख ठिपकेदार जमीन होती. डोक्यावर एक टिटवी जीव तोडून ओरडत होती. सुरंगीने ते ऐकलं. पण ताई वाट बघत होती. तिने कुंचला फिरवला.

जमीन राखेसारखी पांढरीफटक झाली, आणि मधोमध चार ठिपकेदार अंडी उघडी पडली. कावळा झेपावला. सुरंगी ओरडत धावली, पण तोवर एक अंडं त्याने नेलं होतं. उरलेल्या तीन अंड्यांवर कळशी उपडी घालून ती रडत घरी आली आणि तिने ताईला सगळं सांगितलं.

ताईने भिंतीकडे डोळे भरून पाहिलं. मग मान फिरवली. "धू, बाळ. सगळं धू."

पाण्याबरोबर रेघा, वर्तुळं, ठिपके वाहून गेले. कुंचल्याचा भुगा झाला. सुरंगी परत धावली, तर खडे पूर्वीसारखे ठिपकेदार झाले होते. तिने अलगद कळशी उचलली, मागे सरली, आणि अंडी खड्यांत दिसेनाशी झाली.

समोर परी उभी होती.

"ते चौथं अंडं परत आण ना," सुरंगी स्फुंदत म्हणाली. "टिटवी सांगत होती. मला ऐकू आलं होतं. मी थांबले नाही."

परीचे डोळे पाणावले. "गेलेला जीव माझ्याही हातात नाही गं. पण तू चूक लपवली नाहीस, जिवापाड आवडलेलं परत केलंस. ये, हात दे."

तिने सुरंगीच्या बोटांवर फुंकर घातली. "आता तू नुसतं बघ. जमिनीचं काही न जाता, जे बघशील ते तुझ्या बोटांतून उतरेल. आणि तुझी ताई उद्या उठून उन्हात बसेल." बोलता बोलता तिच्याभोवती सोनेरी, निळा, गुलाबी उजेड भरून आला आणि त्या उजेडातच ती विरघळून गेली.

दुसऱ्या दिवशी ताई खरंच उंबऱ्यात येऊन बसली. सुरंगीने गेरू आणि चुना कालवून भिंत रंगवली. पुढे तिच्या भिंती बघायला गावोगावची माणसं येऊ लागली. ती सुखात राहिली. पण रंगवताना बाहेर एखादा पक्षी ओरडला, की तिचा हात थांबायचा. ती उठायची, बाहेर जाऊन बघून यायची, आणि मगच पुढची रेघ ओढायची.