आधी माझ्या जिभेला

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा कासारी नदीवर पूल नव्हता. पैलतीरी जायचं तर माणसं गूळ शिजवायच्या मोठ्या काहिलीत बसत आणि वल्ह्याने ती पलीकडे नेत. त्या काठावर काकवेवाडी नावाचं गाव होतं, आणि त्या गावात हौसाक्का कुंभारीण राहत होती.

हौसाक्काची एक सवय होती. माती असो, राख असो, विहिरीचं पाणी असो, ती आधी बोटाने जिभेला लावून बघायची. मडक्याची माती ती चवीवरून ओळखायची, असं म्हणतात. गावातल्या बायका तिला चिडवायच्या, "चाटकी हौसा आली गं, उंबरे झाका!" ती हसायची आणि त्यांच्या उंबऱ्यालाही बोट लावून बघायची.

गावातलं सगळ्यांत जुनं घर रावजी पाटलाचं. त्याचे वडील संतूआबा दोन्ही डोळ्यांनी आंधळे. त्यांच्याजवळ भुऱ्या नावाचा कुत्रा होता. भुऱ्याच्या गळ्यात घुंगरू होतं. तो पुढे चालायचा आणि घुंगराच्या नादामागे आबा चालायचे. नदीवर, देवळात, गुऱ्हाळावर, सगळीकडे. आबा म्हणायचे, "देवानं माझं डोळं काढून ह्याच्या गळ्यात बांधल्यात."

रावजीने लग्नाच्या वेळी घर नव्याने लिंपून घेतलं. गुळाच्या गावचा पाटील तो. चुन्यात गूळ घालतात हे त्याने कुठेतरी ऐकलं होतं. त्याने मातीच्या लिंपणातच गुळाच्या ढेपा कालवल्या, सारवणात काकवी ओतली. भिंती चकचकीत झाल्या. वऱ्हाडी म्हणाले, "घर असावं तर असं!"

पुढच्या उन्हाळ्यात मुंग्या आल्या. मग मुंगळे, मग झुरळं. मग उंदीर आले आणि त्यांनी भिंतीतच संसार थाटला. उशीखाली झुरळ, भाताच्या पातेल्यात मुंगळा. रावजीची बायको सगुणा म्हणायची, "ह्या घरात आपणच पाहुणे हाय."

रावजी वैतागला आणि पेठेतून सोमल घेऊन आला. सोमल म्हणजे उंदीर मारायचं जहाल विष.

आबा हादरले. "लेका, भुऱ्या भुईवरचं उचलून खातोय. त्यो मेला तर मी काठी टेकत गाव चाचपडत फिरू व्हय?"

"मग काय करू आबा? घर जाळू?"

गोष्ट हौसाक्काच्या कानावर गेली. ती आली आणि भिंतीला बोट लावून तिने ते जिभेवर ठेवलं. मग दुसऱ्या भिंतीला. मग ती पोट धरून हसायला लागली.

"रावजी, अरं, भिंत गोड लागतीया! तूच पंगत मांडलीस आन् आता पाहुण्यांस्नी विष घालतोस व्हय? घटस्थापनेपातुर थांब. मी लावते त्यांस्नी वाटंला. आन् ह्या भुईवर जे पडंल ते आधी माझ्या जिभेला, मग भुऱ्याच्या नाकाला."

रावजी कबूल झाला. तिने सगळं लिंपण खरवडायला घेतलं. आणि झालं उलटंच. भिंती उघड्या पडल्या तशा आतल्या मुंग्या, झुरळं, उंदीर सगळे घरभर सैरावैरा धावू लागले. सगुणा बाजल्यावर चढून बसली. रावजीचा धीर सुटला. घटस्थापनेला अजून अवकाश होता, तरी त्याने पिठात सोमल मळला, गोळ्या केल्या आणि सूपभर गोळ्या घेऊन तो दारात उभा राहिला. भुऱ्या शेपूट हलवत त्याच्या पायाशी आला. त्याला वाटलं, आपलाच घास.

हौसाक्काचे हात मातीने भरलेले होते. ती तशीच उठली, रावजीच्या समोर आली आणि तिने जीभ बाहेर काढली.

"ठेव."

"आक्का, बाजूला हो."

"बोली काय झालीया? भुईवर पडायचं ते आधी माझ्या जिभेला. ठेव."

आबा आतून म्हणाले, "रावजी, घुंगरू वाजंना झालंय. काय चाललंय तिथं?"

रावजीने गोळी उचलली. जिभेपाशी नेली, पण हौसाक्काची जीभ हलली नाही, असं म्हणतात. शेवटी त्याचाच हात खाली आला. त्याने सूप उचललं, माळावर नेलं, पुरुषभर खोल खड्डा खणून सगळं पुरलं आणि वर दगड रचले. परत आला तो हौसाक्काच्या शेजारी बसून भिंत खरवडायला लागला.

मग घर नव्याने उभं राहिलं. साधी माती, शेण आणि भाताचा कोंडा. उंदरांच्या बिळांत हौसाक्काने फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या ठोकून बसवल्या. बाजल्यांच्या दोऱ्या सोडून त्यांवर कढत पाणी ओतलं, गोधड्या उन्हात टाकल्या. गुळाची मडकी पाण्याने भरलेल्या परातींत ठेवली. मग माणसं, गुरं आणि भुऱ्या यांना लांब नदीवर पाठवलं आणि कडुलिंबाच्या पाल्याचा धूर केला. धूर पार निवल्यावर ती उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "बायांनो, बाबांनो, इथला गूळ सरला. आता जावा."

आणि ते निघाले! मुंग्यांची रांग तोंडात अंडी धरून उंबऱ्यावरून थेट नदीपर्यंत गेली. भुऱ्या वाटेत आडवा पडला होता, तो उठून बाजूला सरला. मागून मुंगळे, झुरळं आणि उंदीर आले. काठावर रिकामी काहील होती, तिच्यात दाटीवाटीने बसले, आणि कुणी न वल्हवता ती पैलतीराला लागली, असं म्हणतात. हे पैलतीरच्या गावात विचारू नये. ते अजून चिडतात.

त्या दिवशी संतूआबा घरात आले, भिंतीला टेकून बसले आणि कान देऊन ऐकत राहिले. भिंतीत कुरतडणं नव्हतं, सळसळ नव्हती. फक्त भुऱ्या अंग खाजवत होता आणि घुंगरू वाजत होतं. आबा म्हणाले, "आता घर झोपलं." आणि मग तेही गाढ झोपले.

आजही काकवेवाडीत घटस्थापनेआधी घरं झाडतात, तेव्हा पहिली भाकरी उंबऱ्यावर बसलेल्या कुत्र्याला मिळते. भिंतीच्या मातीत कुणी गुळाचा खडाही पडू देत नाही. आणि परगावचा कुणी विकणारा मुंग्यांची, उंदरांची पावडर घेऊन आला, की दारातली म्हातारी त्याला बसायला पाट देते, पाणी देते आणि गोड आवाजात म्हणते, "घेते की बाबा. पर ह्यो हौसाक्काचा गाव हाय. आधी तुझ्या जिभेला."

विकणारा पाणी पिऊन उठतो. उंबऱ्यावरचं कुत्रं डोळेसुद्धा उघडत नाही.