तीन पानांची पोथी आणि चांद्या बैल

आधीच सांगतो, माझ्या शुद्धलेखनाला हसू नका. सातवीत शाळा सुटली आणि हातात रंधा आला. शब्दही साधेच आहेत, घरात बोलतो ते. पण गोष्ट पक्की आहे. आमच्याकडे रोज सकाळी कामाला हात लावण्याआधी शास्त्रातली एक ओळ वाचतात. एकच. शनिवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे आमचा विसाव्याचा दिवस, सुटला, अंथरुणं पडली, आणि बहिणीच्या मुलांनी, रिवाने आणि योनीने, विचारलं, "मामा, एकच का?" मग आजीने मला सांगितली तशीच मी त्यांना सांगितली.

ऐका तर. समुद्राला लागून एक राज्य होतं, आणि त्या राज्यात एक राजा. राज्य केवढं? सकाळी चालायला लागलं की जेवणवेळेला संपायचं, एवढं. पण राजा मात्र पुरता राजा, बरं का. गावात गोड्या पाण्याची विहीर एकच. एकदा काय झालं, ती विहीर खारट झाली. पेज खारट, आमटी खारट, घोट घेतला की तोंड वाकडं. लोक बोचकी बांधायला लागले. राजा घाबरला. माणसंच गेली तर राज्य कुणावर करायचं?

मग एक वाटसरू आला. पांढऱ्या घोड्यावर बसून, वाऱ्याने दाढी उडत होती.

"एलियाहू नबी!" योनी उठून बसला. अडचणीत धावून येणारा आमचा नबी तो.

नाव त्याने सांगितलं नाही, आजीनेही नाही. तू मनात ओळख आणि आडवा हो. तर त्या वाटसरूने राजाला एक पोथी दिली. म्हणाला, "ही तुझी. तिसरं पान पुरं झालं की पाणी गोड होईल." आणि गेला. वाळूत नुसते टापांचे ठसे.

"तीनच पानं?" राजा हसला. "आमटी निवायच्या आत उरकतो."

पहिल्या पानावर एकच ओळ होती. जो बैल तुझ्यासाठी राबतो, त्याचं तोंड बांधू नकोस. राजाने वाचली. पान उलटायला गेला, तर उलटेना. नखाने बघितलं, सुरीने बघितलं, लोहाराची सांडशी आणली. पान जागचं हलेना. मग शास्त्री बोलावले. त्यांनी ओळ मोठ्याने वाचली, गाऊन वाचली, एकाने तर डोळे मिटून वाचली. पान तसंच.

तेवढ्यात मिल्काबाई तेलीण तेल द्यायला आली. आपल्यातलीच, शनिवारी घाणा बंद ठेवणारी. तिला वाचता येत नव्हतं. तिने विचारलं, "काय लिहिलंय, महाराज?"

राजाने सांगितलं.

"मग सोडलं का तोंड?"

"कुणाचं?"

"बैलाचं. माझं सुटलेलंच आहे."

"अगं, ही पोथी आहे. वाचायची असते."

मिल्काबाई म्हणाली, "वाचून पोट भरत असतं तर मी चूल कशाला पेटवली असती? आमचे बाबा रोज एक ओळ वाचायचे आणि ती करायचे. झाली नाही तर दुसऱ्या दिवशी तीच. एका ओळीवर आम्ही अख्खा पावसाळा काढलाय."

राजाला राग आला. पण तहानही लागली होती. तो उठला आणि आपल्या घाण्यावर गेला. तिथे एक बैल गोल गोल फिरत होता. कपाळावर पांढरा चांद, तोंडाला मुसकी. राजाने स्वतःच्या हाताने मुसकी सोडली. बैलाने पेंडीचा घास घेतला, आणि पान फडफडून उलटलं. पण राजा काही त्या बैलाच्या नजरेला नजर देईना. का? सांगतो, थांबा.

दुसऱ्या पानावर होतं, शेताच्या कडेचं पीक कापू नकोस, ते वाटसरूचं. कारभाऱ्याने कडेला चार काड्या सोडल्या. पान अर्धं उठलं आणि परत पडलं! मग राजाने बांधापासून दहा पावलं मोजली आणि म्हणाला, "इथवर विळा लावायचा नाही." पान उलटलं.

मग तिसरं पान. ज्याच्याशी तुझं वैर आहे, त्याचं चुकलेलं जनावर त्याच्या दारात नेऊन पोचव.

राजाने पोथी मिटली. कारण तो चांद्या बैल राजाचा नव्हताच. खाडीपलीकडे राजाचा थोरला भाऊ राहायचा. आईचा झोपाळा कुणी ठेवायचा, यावरून दोघे भांडले होते. बारा वर्षं बोलणं बंद. त्या भावाचा बैल एकदा ओहोटीला खाडी ओलांडून आला. राजाने ओळखला आणि मुकाट्याने घाण्याला जुंपला. अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पण राजाला सांगणार कोण?

"मामा," रिवा पांघरुणातून म्हणाली, "शिडी जनावर असते का?"

मी म्हटलं, मध्ये बोलू नये.

तर तीन दिवस राजाने पोथीला हात लावला नाही. चौथ्या दिवशी मिल्काबाई आली. डोक्यावर बोचकं.

"हे शेवटचं तेल, महाराज. येते मी."

राजा म्हणाला, "बैल मी एखाद्या गड्याबरोबर पाठवला तर?"

"पोथी गड्याला दिली होती का?"

राजाने चांद्याला घाण्यावरून सोडलं. मग ओहोटी लागली तसा निघाला. एकटाच. गुडघाभर चिखल, हातात कासरा, मागे चांद्या. भाऊ दारातच उभा होता, हाताची घडी घालून.

"बैल आणलाय," राजा म्हणाला.

"दिसतोय."

"तोंड मोकळं आहे त्याचं."

"आधी बांधलं होतंस?"

"बांधलं होतं, दादा."

भावाने खाली बघितलं. मग म्हणाला, "पाय बघ केवढे चिखलाचे. धू आधी. आई असती तर घरात घेतलं नसतं."

मग दोघे झोपाळ्यावर बसले. झोपाळा कुरकुरला.

"मोडेल," राजा म्हणाला.

"मोडू दे. तू बस."

राजा परत आला, तर विहिरीवर गर्दी. मिल्काबाई ओंजळ भरून पाणी प्यायली, आणि तिथेच तिने बोचकं सोडलं. पाणी गोड झालं होतं, शहाळ्यासारखं.

दुसऱ्या दिवशी राजाने पोथी उघडली. बघतो तर परत पहिलं पान! "हे तर झालं की," तो म्हणाला. मिल्काबाई तेल ओतता ओतता म्हणाली, "नांगराचे बैल आज राबणार नाहीत का?" मग राजा रोज वाचायला लागला. एक पान, आणि त्या दिवसाचं काम. ते सगळे गोड पाणी प्यायले आणि सुखाने राहिले. विहीर झोपली, चांद्या झोपला, आता तुम्हीही डोळे मिटा.

योनी कधीच झोपला होता. रिवा जागी होती. तिला ठाऊक होतं की शेजारच्या हसाजीकाकांची शिडी दोन वर्षं आमच्या मागच्या अंगणात पडून आहे, आणि आंब्याच्या फांदीवरून आमचं बोलणं बंद आहे.

रविवारी सकाळी मी शिडीची मोडकी पायरी बदलली. नवीन पायरी रंधून गुळगुळीत केली. मग शिडी खांद्यावर घेतली आणि काकांच्या दारात गेलो. मला आपणहून बोलणं जमत नाही, पण वाक्य पाठ होतं.

"शिडी आणलीय."

"दिसतेय," काका म्हणाले, आणि दारातून बाजूला झाले.