ओळंब्याला फाशी

राजाची भिंत वाकडी होती आणि तसं म्हणायला बंदी होती!

त्या वर्षी कीर्तिभान राजाला गवंडीकामाचं वेड लागलं होतं. "भिंत बांधायला गवंडी कशाला? चुना, वाळू, पाणी. कालवलं की झालं!" असं म्हणून त्याने पदरचे सगळे गवंडी हाकलले आणि स्वतः थापी हातात घेतली. आधी कारंज्याभोवती फरशी बसवली. तिच्यावरून राणीसाहेब चालायच्या त्या होडीत उभं राहिल्यासारख्या, दोन्ही हात पसरून. राजकवी म्हणाले, "अहाहा! महाराजांनी दगडात लाटा उठवल्या!" मग राजाने बागेला भिंत घातली, चांगली दोन पुरुष उंच. ती पायवाटेवर अशी झुकली होती, की येणाऱ्या-जाणाऱ्यांचं बोलणं चोरून ऐकतेय असं वाटावं. दरबार एका सुरात म्हणाला, "सरळ! सुईसारखी सरळ!"

आणि त्याच दिवसापासून सगळे दरबारी लांबच्या वाटेने घरी जाऊ लागले.

सटवाजी माळ्याला मात्र लांबची वाट नव्हती. राजाने मोगऱ्याचे वाफे नेमके भिंतीच्या पायथ्याशी, ती झुकली होती त्याच बाजूला, आखून दिले होते. दिवसभर तिथेच बसून खुरपायचं. त्याची मुलगी गोजरा रोज भांडायची.

"आबा, ती भिंत एक दिवस तुमच्या पाठीवर बसेल!"

"हळू बोल गं. प्रधानजी म्हणतात, सरळ आहे."

"मग प्रधानजींना सांगा खुरपायला!"

एकदा झुडपात सटवाजीला गवंड्यांचा ओळंबा सापडला. साधी दोरी, तिच्या टोकाला शिशाचा गोळा; भिंत सरळ उभी आहे का, ते सांगणारा. त्याने तो भिंतीशी धरून पाहिला आणि नेमका त्याच वेळी राजा मागे येऊन उभा राहिला.

"काय चाललंय रे?"

सटवाजीने ओळंबा पाठीमागे लपवला. पण खोटं बोलायची सवय नव्हती. "महाराज, भिंत कललीय. हा ओळंबा सांगतोय."

झालं! सटवाजीच्या हातात बेड्या पडल्या. राज्याबाहेर हाकलायचा हुकूम लिहायला घेतला, तोच गोजरा धावत दरबारात शिरली.

"महाराज, माझे आबा खोटं बोलत नाहीत!"

"म्हणजे माझी भिंत वाकडी?" राजा गरजला.

"तसं मी कुठं म्हटलं?"

प्रधानजी खुदकन हसले. "महाराज, पोरगी फार हुशार दिसते. भिंत सरळ आहे आणि बापही खरा आहे, असं दोन्ही सिद्ध करून दाखवू दे की!"

"मंजूर!" राजाने मांडीवर थाप मारली. "दोन्ही सिद्ध कर. नाहीतर बापाबरोबर तूही चालू लाग!"

गोजरा एक पाऊल पुढे आली.

"महाराज, आबांनी फक्त निरोप दिला. बोलला तो ओळंबा. मग गुन्हेगार कोण?"

राजा चमकला. "ओळंबा!"

"पण ती वस्तू आहे," प्रधानजी म्हणाले. "वस्तूला कसली शिक्षा?"

"वा प्रधानजी! भिंतीला शाबासकी चालते, मग ओळंब्याला शिक्षा का चालू नये?"

"बरोबर!" राजा ओरडला. "राजद्रोही आहे तो! फाशी द्या त्याला!"

"आणि जिथं गुन्हा केला तिथंच द्या, महाराज. भिंतीच्या माथ्यावरून! सगळ्यांना दिसलं पाहिजे."

ढोल वाजले. सगळं गाव लोटलं. जल्लादाने ओळंबा हातात घेऊन उलटासुलटा केला.

"महाराज, याला मान नाही."

"दोरी आहे ना? लटकव!"

जल्लाद शिडीवर चढला. भिंतीच्या माथ्याला खुंटी ठोकून त्याने दोरी बांधली आणि गोळा खाली सोडला. तो डोलला, हेलकावला आणि शांत झाला. दोरी माथ्याशी भिंतीला चिकटलेली. खाली मात्र गोळा आणि भिंत यांच्या मधून एक शेळी निघून गेली.

ढोल थांबले. राजकवींना अचानक खोकला आला.

राजाने वाकून त्या फटीत डोकावून पाहिलं. "अरे, हा फासावरही तेच सांगतोय!"

"महाराज," गोजरा म्हणाली, "हा जन्मभर लटकतच आलाय. त्याला फासाची भीती कसली? भीती आम्हाला. म्हणून तर आम्ही सगळे सरळ म्हणतो!"

राजाने भुवया चढवल्या. "बाप खरा ठरला, कबूल. पण माझी भिंत सरळ आहे, हेही सिद्ध करायचं होतंस! त्याचं काय?"

"तेही करते की! तुम्ही फक्त ती आधी सरळ बांधा!"

राजाच्या ओठांचा कोपरा थरथरला. मग तो असा खदखदून हसला की पागोटं वाफ्यात पडलं. त्याने स्वतःच्या हाताने सटवाजीच्या बेड्या काढल्या आणि गळ्यातला मोत्यांचा कंठा गोजराच्या गळ्यात घातला. "हा तर झालाच, पोरी. आणखी काय हवं ते माग!"

"गवंड्यांना परत बोलवा, महाराज. आणि ही भिंत उतरवताना दगड त्यांनी वाहावेत, ज्यांनी ज्यांनी तिला सरळ म्हटलं!"

"दिलं!" राजा पोट धरून म्हणाला.

भर उन्हात राजकवींनी पाटी उचलली, आणि प्रधानजी मुकाट्याने आपल्या भरजरी शेल्याची चुंबळ करू लागले.